सतरा अंकांची संख्या आणि हरवलेला शेवटचा अंक

गेल्या सुट्टीत सुरतला मावसभावाकडे जाणे झाले. तो तेथील रिंग रोडवरच्या कापड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात आणि यंत्रमाग, भरतकाम, कापडाच्या घड्या घालणे अशी कामे करतात. भावाच्या पेढीवरही त्यांतले काही जण आहेत. मी गेले त्या आठवड्यात चाळीसगावकडच्या एका कामगाराची मजुरी बँकेतून दुसऱ्यांदा परत आली होती. ‘खाते सापडत नाही’ एवढाच शेरा. पहिल्या वेळी भावाने त्यालाच दोष दिला होता : नंबर नीट सांगत नाहीस. तो बिचारा पासबुक घेऊन आला, भावाने अंक न् अंक पाहून पुन्हा टंकला, आणि तरीही रक्कम परत आली.

दुसऱ्यांदा पासबुक आणि संगणकावरील यादी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा उलगडा झाला. खाते क्रमांक सोळा अंकी होता. पहिले पंधरा अंक तंतोतंत बरोबर होते. सोळावा अंक पासबुकात ७ होता आणि यादीत ०. भावाने तो डोळ्यांदेखत पुन्हा ७ केला, एंटर दाबले आणि त्या जागी पुन्हा ० आले. यादीतील बाकीच्या कामगारांची खाती दुसऱ्या बँकांत होती, त्यांचे क्रमांक अकरा ते पंधरा अंकी होते आणि त्यांतल्या एकालाही धक्का लागला नव्हता.

“अगं, हे यंत्र माझंही ऐकत नाही,” भाऊ म्हणाला.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेथील महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. तिने वहीत नुकताच एक खेळ करून पाहिला होता : ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. तिने तोच खेळ त्या एक्सेलच्या शीटवर करून पाहू म्हटले. नऊ एके, म्हणजे १११११११११, यांचा वर्ग काय यायला हवा हे तिला गुणाकार न करताही ठाऊक होते : १२३४५६७८९८७६५४३२१. शीटने उत्तर दिले १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गायब. उत्तर चुकले हे पाहताक्षणी तिघांनाही कळले, आणि ते कळले याचे कारण त्या संख्येच्या अंगी असलेली घडण. खाते क्रमांकाला अशी घडण नसते. म्हणून त्यातील चूक दोन आठवडे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

ही सतरा अंकी संख्या मराठी माणसाच्या घरची आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. गोव्याहून कोकण रेल्वेने सुरतेकडे निघालेली गाडी पनवेल, वसई करीत पश्चिम रेल्वेच्या मार्गाला लागते आणि मग डहाणू रोड हे स्थानक येते. या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. शिक्षण ठाण्यास आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थी असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. त्यांच्या कामाकडे मनोरंजन म्हणून पाहणाऱ्यांची आपल्याकडे वाण नव्हती. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, त्यानंतर जगभर त्यांचे नाव झाले. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते.

६१७४ या त्यांच्या संख्येची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते, म्हणून ती येथे सांगत बसत नाही. आपली सतरा अंकी संख्या त्यांच्या दुसऱ्या एका कुळातील आहे. त्या कुळाचे नाव ‘डेम्लो’. मुंबईपासून तीस मैलांवरच्या, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्थानकात त्यांना ही कल्पना सुचली आणि स्थानकाचे नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकले. ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली, असे सांगतात. लोकलची वाट पाहताना माणसाला काय काय सुचू शकते, याचा हा एक पुरावा.

आता ती घडण कोठून येते ते पाहू. १११ ला १११ ने शाळेतल्या रीतीने गुणा. तीन ओळी येतात, प्रत्येकीत १११, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यांची बेरीज करा. अगदी उजवीकडच्या रकान्यात एकच १ आहे, त्याच्या डावीकडे दोन, मधोमध तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणून १२३२१. नऊ एके घेतले की ओळी नऊ होतात आणि मधल्या रकान्यात नऊ वेळा १ येतो. बेरीज ९, म्हणजे एका घरात मावेल असा सर्वांत मोठा अंक. चढण नवापर्यंत जाते आणि तशीच उतरते. चमत्कार काही नाही. कोठेही हातचा घ्यावा लागला नाही, एवढेच त्याचे रहस्य.

हातचा आला की काय होते, हे दहा एके घेऊन कळते. मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, शून्य लिहून एक हातचा पुढे सरकतो, तो पुढच्या नवाला जाऊन मिळतो, तेथेही दहा होतात, आणखी एक हातचा निघतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सुरेख शिडी मधोमध मोडली, आठ नाहीसा झाला आणि दोन शून्ये येऊन बसली. येथे बहुतेक जण वही मिटतात. कापरेकरांचा विशेष असा की मोडलेल्या जागीही त्यांनी शिकवलेली दुसरी युक्ती लागू पडते. ही एकोणीस अंकी संख्या तोडा : उजवीकडचे दहा अंक एका बाजूस, उरलेले नऊ दुसऱ्या बाजूस. १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. त्यांची बेरीज करा. उत्तर ११११११११११. ज्या दहा एकांचा वर्ग केला, तेच दहा एके परत!

ज्या संख्येचा वर्ग असा तोडून जोडला की मूळ संख्या मिळते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. लहान उदाहरण हवे असेल तर ४५ घ्या : वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. किंवा २९७ : वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७.

वर्गाखेरीज या सतरा अंकी संख्येत आणखी काय आहे? तिचे सर्व अंक मिळवले तर ८१ होतात, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे संस्कृत नाव ठेवले. परदेशी गणितज्ञही हे नाव वापरतात. तिचे मूळ अवयव पाडले तर ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीनच मिळतात. ३ चार वेळा, उरलेले दोन दोनदा. त्यावरून तिचे विभाजक मोजता येतात : पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५. विभाजकांची संख्या विषम असणे हे पूर्ण वर्गाचे लक्षणच आहे, कारण प्रत्येक विभाजकाला एक जोडीदार असतो आणि वर्गमूळ तेवढे स्वतःशीच जोडी जमवते.

येथे एक भेद करायला हवा, जो अशा गमतींच्या लेखांत सहसा केला जात नाही. वरच्या गुणधर्मांपैकी काही त्या संख्येचे स्वतःचे आहेत आणि काही आपल्या दहा बोटांचे. ती पूर्ण वर्ग आहे, विषम आहे, तिचे अवयव ३, ३७, ३३३६६७ आहेत, हे कोणत्याही लिपीत, कोणत्याही मोजपद्धतीत खरे राहील. पण शिडीसारखी दिसणे, अंकांची बेरीज ८१ होणे, हर्षद असणे, हे आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. सोळाच्या पटीत मोजणाऱ्याला ही शिडी पंधरा पायऱ्यांपर्यंत नेता येईल. दोनच अंकांत मोजणाऱ्याची शिडी पहिल्याच पायरीला मोडते. द्विमान पद्धतीत ११ म्हणजे आपले ३, त्याचा वर्ग ९, आणि ९ लिहायचे १००१. कापरेकरांच्या कामाला गंभीर गणित न म्हणणाऱ्यांचा मुख्य आक्षेप नेमका हाच होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण दशमान स्थानमूल्य ही आपण रोज वापरतो ती वस्तू आहे. तिचे स्वभाव कसे आहेत, हातचा कोठे कसा पसरतो, हे पाहणे कमी दर्जाचे का मानावे, हे मला तरी उमगलेले नाही.

द्विमान पद्धतीचा उल्लेख सहज केलेला नाही. भावाच्या संगणकातील मोजणी त्याच पद्धतीने चालते.

संगणक एका संख्येसाठी ठरावीक घरे राखून ठेवतो. शीटमध्ये आणि इतर अनेक प्रणालींत जी पद्धत वापरली जाते तिच्यात संख्येच्या अचूक अंकांसाठी ५३ द्विमान घरे असतात. त्यामुळे दोनचा त्रेपन्नावा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, येथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या तंतोतंत साठवता येते. त्यापलीकडे घरे अपुरी पडतात आणि दुपटीपर्यंतच्या टप्प्यात यंत्राला फक्त सम संख्या लिहिता येतात. आपली सतरा अंकी संख्या या टप्प्यात येते आणि ती विषम आहे. तिच्यासाठी यंत्रात जागाच नाही. म्हणून ब्राउझरमध्ये हा गुणाकार करून पाहिला तर शेवटी ३२१ च्या ऐवजी ३२० मिळते. एक्सेल आणखी अलीकडेच थांबते. ते पंधरा अर्थपूर्ण अंक ठेवते आणि सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये भरते, म्हणून ३००. अंतर किती? एक कोटी अब्जांहून मोठ्या संख्येत २१ चे. गवंड्याच्या किंवा इंजिनिअरच्या मोजमापात असा फरक कोणी विचारातही घेणार नाही. यंत्र मोजमापासाठी घडवलेले आहे आणि मोजमापात शेवटच्या अंकाला किंमत नसते.

मात्र खाते क्रमांक हे मोजमाप नव्हे. ते नाव आहे, अंकांत लिहिलेले. नावातील शेवटचे अक्षर गाळले तर ‘जवळजवळ तोच माणूस’ मिळत नाही. दुसराच मिळतो किंवा कोणीच मिळत नाही. त्या कामगाराच्या बाबतीत शून्याने संपणारे खाते अस्तित्वात नव्हते, म्हणून पैसे परत आले. ते असते तर? नेफ्ट आणि आरटीजीएसने येणारी रक्कम केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१० च्या परिपत्रकाने दिली. नाव जुळते का ते पाहणे बँकेवर बंधनकारक नाही, क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. पाठवण्याआधी लाभार्थ्याचे नाव पाहता यावे अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून देण्यास रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी सर्व बँकांना सांगितले. ती सोय वापरावी. पण यादी चुकीची असेल तर ते कळण्यासाठी कोणीतरी एकेक नाव डोळ्याखालून घालावे लागतेच.

काही क्रमांकांत चूक पकडण्याची व्यवस्था आधीच करून ठेवलेली असते. आधारचा बारावा अंक हा माणसाचा नसतो, आधीच्या अकरा अंकांचा असतो. नेदरलँड्सचे गणितज्ञ याकोबुस फेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने तो काढतात. कोणताही एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर तो अंक जुळत नाही आणि चूक तेथल्या तेथे उघडी पडते. डेबिट कार्डाच्या शेवटच्या अंकातही अशीच, पण जरा साधी युक्ती असते. तिच्या नजरेतून शेजारी शेजारी असलेल्या ० आणि ९ यांची अदलाबदल मात्र निसटते. बँक खात्यांच्या क्रमांकांना देशभर लागू असलेली अशी एकच रीत नाही. प्रत्येक बँकेची लांबी वेगळी, रचना वेगळी.

घरगुती उपाय अंकांच्या बेरजेचा. आपल्या डेम्लो संख्येची बेरीज ८१. ३२० ने संपणाऱ्या उत्तराची ८०, आणि शीटमधील ३०० ने संपणाऱ्याची ७८. उत्तर नऊच्या पटीत असायलाच हवे, कारण १११११११११ ला नवाने भाग जातो. ८० आणि ७८ ला जात नाही. संपले, उत्तर खोटे. हे नवाचे प्रकरण चालते याचे कारण सोपे आहे : १०, १००, १००० यांतून नवाचे गट काढले की प्रत्येक वेळी १ च उरतो, म्हणून संख्येला नवाने भागून येणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नवाने भागून येणारी बाकी एकच असते. दहा एके कापरेकर संख्या ठरतात तेही यामुळेच. त्यांतून एक वजा केला की ११११११११११ चे १११११११११० होतात, त्यांत एके उरतात नऊ आणि त्यांना नवाने भाग जातो. हिशेब जुळण्यास तेवढेच लागते. बेरजेची ही परीक्षा एक अंक बदललेला हमखास पकडते, शेजारचे अंक उलटे झालेले मात्र तिला दिसत नाहीत.

मोठी संख्या वाचायची कशी, हा प्रश्न भाचीनेच काढला. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची यादी एकं, दशं, शतं अशी सुरू होऊन अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य यांवरून परार्धापर्यंत जाते. एकूण अठरा स्थाने. आपल्या संख्येचा पहिला १ हा ‘मध्य’ स्थानावर बसतो, परार्धाला एक घर कमी. बाराव्या शतकातील या गणितज्ञाच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पैसे परत आलेला कामगार त्याच तालुक्यातला. पाटणादेवीच्या यात्रेला आम्ही दरवर्षी जातो, तो म्हणाला. शिलालेखाविषयी त्याने ऐकले नव्हते, मीही तो पाहिलेला नाही.

गोव्यातही पतसंस्था, देवस्थान समित्या, स्वयंसाहाय्य गट आपल्या याद्या अशाच शीटवर ठेवतात, म्हणून उपाय लिहून ठेवते. क्रमांक टंकण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावा, किंवा क्रमांकाच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. मग यंत्र त्याला संख्या समजत नाही, अक्षरे समजते, आणि सर्व अंक जसेच्या तसे ठेवते. सुरुवातीची शून्येही टिकतात. आधीच शून्य झालेला अंक रकाना नंतर बदलून परत येत नाही, तो पासबुकातूनच आणावा लागतो. दुसरीकडून आलेली यादी थेट उघडतानाही हा घोटाळा होऊ शकतो. सोळा किंवा अधिक अंकी क्रमांक ओळीने शून्यावर संपलेले दिसले तर पैसे पाठवू नयेत.

भावाने त्याच संध्याकाळी रकाना बदलला, क्रमांक पासबुकावरून नव्याने भरला आणि आता प्रत्येक खात्यापुढे अंकांची बेरीज वेगळ्या रकान्यात लिहून ठेवतो. कामगाराची मजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी जमा झाली. नंबर नीट सांगत नाहीस, असे आपण त्याला म्हटले होते, हे भावाला लागून राहिले होते. त्याला बोलावून त्याने चहा पाजला आणि शीटवरचे ते ० त्याला दाखवले.

भाचीचा प्रश्न वेगळाच होता. दहा एकांनंतर तोडून जोडल्यावर पुन्हा स्वतःला मिळणारे एके कोणते? एक वजा केल्यावर उरलेल्या एकांची संख्या नऊच्या पटीत हवी, म्हणजे दहाच्या पुढे एकदम एकोणीस. एकोणीस एकांचा वर्ग शीटवर करण्यात अर्थ नाही, हे तिला आता कळले होते. तिने वही आडवी धरली आणि रकाने आखायला घेतले.